न भाजणारा हात

आमच्या घरात विज्ञान शिकलेली पहिली मी, आणि त्याचा त्रास घरातल्या सगळ्यांना झाला. पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी धुळ्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय प्राणिशास्त्र. सुट्टीत गावी आले की दूध का नासतं, उचकी का लागते, पाय का झोपतो, काहीही कुणी विचारावं, आणि न विचारलं तरी मी सांगावं. अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायचं ते वय. आई चुलीपाशी बसून बजावायची, "हिले कोनी काई इचारू नका, दूध उतू जाई."

गाव भडगाव तालुक्यातलं, गिरणेकाठचं. घरात आई, वडील आणि वडिलांची थोरली बहीण. वडिलांना सगळे नाना म्हणत. बहीण म्हणजे माझी आत्या, पण अख्खा गाव तिला अक्का म्हणायचा, म्हणून मीही अक्काच म्हणायची. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला आणि ती भावाकडे आली ती कायमची. भावाच्या घरात राहणाऱ्या बाईला आपली जागा आपणच करून घ्यावी लागते. अक्कानं ती मांड्यांवर केली.

खानदेशाबाहेर मांडा म्हटलं की लोकांना भलतंच काही वाटतं, म्हणून सांगते. ही पुरणपोळीच, पण परातीएवढी. लाटायची नाही. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, कोपरापर्यंत पसरवत वाढवायचा आणि पालथ्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. खाली लाकडांचा जाळ. भाजला की उचलून घडी घालायची. टाकणं अवघड, उचलणं त्याहून अवघड. बाकीच्या बाया फडकं घेत, उलथनं घेत, तरी हाय-हुय करत. अक्का उजव्या हाताची कड मांड्याखाली सरकवायची आणि उचलायची, जणू वाळत घातलेलं लुगडं काढते आहे. तोंडावरची रेष हलायची नाही. गल्लीत नवी सून आली की तिला मुद्दाम आणून दाखवत, बघ, काम असं असतं.

हे अगदी आधीपासून असं नव्हतं. माझ्या लहानपणी अक्काही फुंकर मारायची, बोटं कानाच्या पाळीला लावायची. मग माझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षात कधीतरी ते थांबलं. कधी, ते कुणी लक्षात ठेवलं नाही. वीस-पंचवीस वर्षं खापरापुढे बसली, हात तयार झाला, असंच सगळ्यांनी धरलं. आमच्याकडे जिचा हात भाजत नाही ती सुगरण. आमच्या गावात तरी कौतुकाची ती मोठी पायरी होती.

त्या वर्षीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरात माहेरवाशिणी, शेजारणी, पोरंटोरं अशी दाटी होती. आमरस, रशी म्हणजे कटाची आमटी, कुरडया, भजी आणि अक्काचे मांडे. उकाडा असा की पाटावर बसलेल्याची पाठ निथळत होती. अक्कानं आठवा-नववा मांडा उचलला आणि मान वर न करता मला म्हणाली, "पोरी, तू इतली शिकेल शे. हाऊ हात भाजस काब्र नही, सांग बरं."

सगळे हसले. एक शेजारीण म्हणाली, अक्काले अग्निदेव प्रसन्न शे. आणि मला काय, आयतं व्यासपीठ मिळालं. मी तीन वाट्या मागवल्या. एकीत गरम पाणी, एकीत माठातलं गार, मधलीत कोमट. नानांना एक हात गरमात आणि एक गारात बुडवून ठेवायला लावला, मग दोन्ही हात कोमटात. गरमातून आलेल्या हाताला तेच पाणी गार लागलं आणि गारातून आलेल्याला गरम. नाना चकित. मग मी निकाल दिला : त्वचेतले मज्जातंतू सवयीनं मंद होतात, अक्काच्या हाताला रोजच्या उष्णतेची सवय झाली आहे, शिवाय कातडी जाड झाली आहे, यात दैवी काही नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अक्कानं "आसं शे का," म्हटलं आणि पुढचा मांडा टाकला.

तो प्रयोग बरोबर होता, लावला चुकीच्या जागी. कोमट पाण्याचा भ्रम दोन-चार मिनिटांत मोडतो. सवयीनं कुणाचा हात वर्षानुवर्षं बधिर राहत नाही. हे पुस्तकात होतं, मी वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. पण समोर माणसं हसत असताना आठवलं नाही.

पुढची दोन वर्षं मी एम.एस्सी.साठी पुण्यात होते. घरी येणं कमी झालं. एका सुट्टीत आई म्हणाली, अक्काचे मांडे हल्ली फाटतात. पिठाला दोष दिला गेला, या वर्षीचा गहू चिकट नाही म्हणाले, चक्की बदलून पाहिली. अक्का कणीक जास्त मळायला लागली. मांडा नेहमी उजव्या अंगानंच फाटायचा, हे आईच्या लक्षात आलं होतं. तिनं मला ते सांगितलंही. मी माझ्या परीक्षेच्या नादात होते.

नंतर धुळ्याच्या त्याच कॉलेजात मला नोकरी लागली, प्रात्यक्षिकं घ्यायची. त्यात एक प्रात्यक्षिक मला फार आवडायचं. मुलांनी एकमेकांच्या हातावर शाईनं बारीक चौकटी आखायच्या आणि बोथट सुई एकदा गरम, एकदा गार पाण्यात बुडवून एकेका चौकटीत टेकवायची. जिथे गरम कळेल तिथे लाल ठिपका, जिथे गार कळेल तिथे निळा. सगळीकडे सगळं कळत नाही. गाराचे ठिपके पुष्कळ येतात, गरमाचे थोडे. मुलांना खोटं वाटायचं, पुन्हा पुन्हा करून बघायची. कातडी सपाट दिसते, पण तापमान तिला ठिकठिकाणी कळतं, सरसकट नाही. ज्या ठिपक्याखाली मज्जातंतूचं टोक आहे तिथेच.

त्या उन्हाळ्यात मी घरी गेले तेव्हा वर्षाच्या मसाल्याची तयारी चालली होती. ओसरीवर लाल मिरच्यांचा ढीग, भोवती आई, अक्का आणि मी, देठं खुडत आणि मिरच्या फोडून बी काढत. तीन तासांनी माझ्या हातांची अशी आग सुरू झाली की मी उठून नुसती फेऱ्या मारायला लागले. आईनं परातीत ताक ओतलं. तिनं दोन्ही हात बुडवले, मी बुडवले. अक्कानं एकच हात बुडवला, डावा. उजव्या हातानं ती पदर सारखा करत बसली.

मी विचारलं, उजवा नाही का? ती म्हणाली, "त्याले काई व्हत नही."

मी तिचा हात पाहत राहिले. मांडे ती दोन्ही हातांनी झेलते. उष्णतेची सवय व्हायची तर दोन्ही हातांना व्हायला हवी. आणि मिरचीची सवय? ती तर वर्षातून दोन दिवस. करंगळीच्या बाजूची हाताची कड, मनगटाकडची नाजूक कातडी, तिथे मिरचीचं लाल पाणी वाळलेलं दिसत होतं. तिथे घट्टा नव्हता.

इथे मला दहा वर्षं पुढचं एक सांगून टाकायला हवं, कारण त्या दिवशी मला जे नुसतं संशयानं कळलं ते नीट समजलं तेव्हा. नव्वदचं दशक संपत आलं असताना कॉलेजच्या ग्रंथालयात एका विज्ञान मासिकात मी वाचलं की उष्णतेचं दार सापडलं. मज्जातंतूच्या टोकाला, पेशीच्या पातळ पडद्यात, प्रथिनांची बारीक दारं असतात. शास्त्रात त्यांना आयन वाहिन्या म्हणतात. एरवी ती बंद असतात. सोडियम, कॅल्शियमचे भारित कण बाहेर ताटकळत असतात. दार उघडलं की ते आत घुसतात, पेशीतला विद्युतभार बदलतो आणि संदेश मज्जातंतूवरून पाठीच्या कण्याकडे आणि तिथून मेंदूकडे जातो. एवढं आम्ही शिकत होतोच. पण चटक्यानं नेमकं कोणतं दार उघडतं हे माहीत नव्हतं. ते आता कळलं होतं, आणि गंमत म्हणजे ते मिरचीच्या मदतीनं सापडलं होतं. साधारण बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या वर तापमान गेलं की उघडणारं आणि मिरचीतल्या तिखट द्रव्यानं उघडणारं दार एकच. मिरचीनं हाताची आग होते हे आपण बोलण्यापुरतं म्हणत नाही, मज्जातंतूच्या लेखी तो चटकाच असतो. गारव्याचं दार तेव्हा अजून सापडायचं होतं. मी ते पान दोनदा वाचलं आणि मासिक परत ठेवून तासाला गेले. वर्गात काय शिकवलं ते आठवत नाही.

म्हणजे अक्काच्या हाताला खापर लागत नव्हतं आणि मिरचीही लागत नव्हती, हे एकाच दुखण्याचे दोन पुरावे होते. त्या दिवशी मला दारं माहीत नव्हती, पण बधिर हात माहीत होता. मी आईला काही बोलले नाही. दुपारी आई झोपल्यावर अक्काला माजघरात बसवलं, स्टीलचे दोन पेले घेतले, एकात चुलीवरचं गरम पाणी, एकात माठातलं. तिला डोळे मिटायला सांगितलं आणि डाव्या हाताला एकेक पेला टेकवला. थंडं, गरम, गरम, थंडं, सगळं बरोबर. उजव्या हाताच्या अंगठ्याला, पहिल्या बोटालाही बरोबर. करंगळीला पेला टेकवला. ती वाट बघत होती. मी म्हटलं, सांग ना. ती म्हणाली, "तू लावं का?"

लावलेला होता. गरम पेला.

मग मी तिची चोळीची बाही वर केली. कोपराच्या खाली रुपयाएवढा फिकट डाग होता. मी तो लहानपणापासून पाहत असावे असं मला वाटत होतं, पण लहानपणी तो नव्हता. घरात त्याला शिबं म्हणत. त्या दुपारी आम्ही दोघी घामानं चिंब होतो आणि तेवढा डाग कोरडा होता. त्यावर लव नव्हती. मी पेला टेकवला, पेनची टोपी टेकवली, शेवटी केसातली पिन. तिला काही कळलं नाही. करंगळी पूर्ण सरळ होत नव्हती, हेही तेव्हा पाहिलं. वाकलेल्या करंगळीचं नख मांड्यात रुतत होतं. गहू बिचारा निर्दोष होता.

तिला मी रोगाचं नाव सांगितलं नाही. तिनंच विचारलं, गावात जे नाव वापरतात त्या नावानं. मी म्हटलं, तपासायला हवं. ती उठली, पेले घासून जागेवर ठेवले आणि म्हणाली, जळगावला नको, तिथे बाजाराच्या दिवशी निम्मा गाव असतो. धुळ्याला चल, तुझ्याकडे राहायला आले म्हणून सांगू. नानांना तेवढं खरं सांगितलं. त्या रात्री त्यांनी आपलं ताट उचलून अक्काच्या ताटाशेजारी मांडलं आणि तिथे बसून जेवले. आईला का ते कळलं नाही, तिनं विचारलंही नाही.

धुळ्याचे डॉक्टर वयस्कर होते, घाई न करणारे. त्यांनी अक्काच्या कोपराच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं आणि मला तिथे हात लावून बघायला सांगितलं. कातडीखाली नस सुतळीसारखी जाड लागत होती. म्हणाले, हा जंतू गारवा शोधतो. शरीराच्या आतली ऊब त्याला मानवत नाही, म्हणून कातडी आणि कातडीजवळच्या नसा धरतो. आणि नसेत आधी जातात ते गरम-गार सांगणारे बारीक तंतू, स्पर्श नंतर, ताकद त्यानंतर. जाळापुढे जन्म घालवलेल्या बाईच्या हातात गारवा शोधणारा जंतू घर करून बसला, याचा मला तेव्हा नुसता राग आला, कुणावर ते माहीत नाही.

त्यांनी सांगितलं की नव्या गोळ्या आल्या आहेत, सहा महिन्यांत हा प्रकार बरा होतो. हा पसरणाऱ्यातला प्रकार नाही, आणि गोळ्या सुरू झाल्यावर तर भीती मुळीच नाही. वेगळी भांडी, वेगळं अंथरूण, काही लागत नाही. मी हे त्यांच्याकडून तीन वेळा वदवून घेतलं. अक्का मात्र एकच विचारत होती. "मांडा करता येतीन ना?"

डॉक्टरांनी मला विचारलं, बधिरपणा किती दिवसांपासून आहे? मी अक्काकडे पाहिलं. तिनं बोटं मोजली नाहीत, विचारही केला नाही. म्हणाली, "तीन वरीस व्हई गयात. जास्तीच."

ते म्हणाले, सहा महिन्यांच्या आत आला असतात तर नस बरीचशी परत आली असती. आता सूज उतरवायच्या गोळ्या देतो, तीन-चार महिने बघू. रोग नक्की जाईल. हाताचं मी सांगत नाही.

गावी परतताना पारोळ्याकडे जाणाऱ्या एसटीत अक्का खिडकीपाशी बसली होती. बाहेर बघतच, तक्रारीचा सूर अजिबात न लावता ती म्हणाली, "आखाजीले तुलेच इचारं व्हतं मी. बठ्ठा लोकसमोर, हासत हासत. म्हंजे कोनले काई वाटाले नको."

तो प्रश्न म्हणजे तिनं मागितलेली तपासणी होती, आणि मी त्यावर टाळ्या घेतल्या होत्या. तेव्हाच मी माझ्या पेल्यांनी, जे मला तेव्हाही करता येत होतं ते, तिच्या करंगळीवर केलं असतं तर हात वाचला असता. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर दिवा मीच होते. आजही मी लोकांना काही समजावून सांगत असताना मध्येच थांबते, आणि समोरच्यानं खरंच काय विचारलंय ते पुन्हा विचारून घेते. विद्यार्थ्यांना ती माझी शिकवायची पद्धत वाटते.

गोळ्या सुरू झाल्या. महिन्यातून एकदाची मोठी मात्रा घेतली की लघवी लाल होते, त्यानं ती पहिल्यांदा घाबरली, मग सवय झाली. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट बजावली होती. ज्या हाताला चटका कळत नाही त्याची राखण डोळ्यांनी करायची. चहाचं पातेलं, खापर, तवा, काहीही गरम उचलताना जाड फडकं घ्यायचं, आणि रोज संध्याकाळी हात उलटसुलट करून कुठे फोड आहे का बघायचं. मज्जातंतू बोंब मारत नाहीत म्हणून भाजणं थांबत नाही. अशा हातांची बोटं रोगानं झिजत नाहीत, न कळलेल्या जखमांनी झिजतात.

फोड बघायला ती कबूल झाली. फडकं घ्यायला मात्र साफ नाही म्हणाली. मी ओरडले, समजावलं, बोलणं सोडलं, पुन्हा ओरडले. तिचं म्हणणं एकच. वीस वर्षं फडकं न घेणारी बाई आज फडकं घेईल तर गल्ली विचारेल का? आणि गल्लीनं विचारलं की नाव बाहेर पडेल, आणि एकदा नाव पडलं की डॉक्टरांनी शंभर कागद लिहून दिले तरी तिच्या हातचा मांडा कोणी खाणार नाही. यात चूक काय होतं? डॉक्टरांना जंतू माहीत होता, तिला गाव माहीत होता. म्हणून ती आधीसारखीच उघड्या हातानं मांडे उचलत राहिली, आणि मी महिन्याच्या महिन्याला येऊन तिच्या हाताच्या कडेवरचे नवे डाग मोजत राहिले. एक फोड पिकला, बरा व्हायला पाच आठवडे गेले. ती म्हणायची, नस परत येईल, मग कशाला फडकं.

नस येते का हे बघायचं काम माझं. दर महिन्याला एका रविवारी मी धुळ्याहून यायची, दुपारी माजघराचं दार लोटायची, तिच्या डोळ्यांवर तिचाच पदर बांधायची आणि दोन पेल्यांनी तपासायची. वहीत करंगळी, अनामिका, हाताची कड, डाग असे चार रकाने. पहिल्या महिन्यात चारही ठिकाणी नाही. दुसऱ्या महिन्यात नाही. तिसऱ्या महिन्यात मी वही मिटली तेव्हा तिनं पदर सोडला आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

चौथ्या महिन्यात करंगळीला पेला टेकवला आणि ती म्हणाली, "गरम."

बरोबर होतं. मी पुन्हा केलं. थंडं. बरोबर. दहापैकी नऊ वेळा बरोबर. मी तिला मिठी मारली. माझ्या हातातल्या पेल्यातलं पाणी तिच्या पाठीवर सांडलं तरी मी सोडलं नाही. पाचव्या महिन्यातही तसंच. हाताची कडसुद्धा. मी वहीत तारखा घालून लिहिलं, धुळ्याला डॉक्टरांना वही दाखवली. तीन वर्षांनी परत आलेली नस, मला वाटलं हे कुठेतरी छापायला हवं. स्वभाव जात नाही तो असा.

डॉक्टरांनी वही वाचली आणि तिला घेऊन यायला सांगितलं. त्यांच्याकडे काचेच्या दोन नळ्या होत्या, एकीत गरम पाणी, एकीत गार, आणि त्या लाकडी चिमट्यात धरून ते लावत. त्यांनी पंधरा-वीस वेळा लावल्या. अक्का प्रत्येक वेळी काहीतरी सांगत होती. निम्मं बरोबर, निम्मं चूक. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. त्यांनी मला वही परत दिली.

बाहेर बाकावर बसल्यावर मी अक्काला विचारलं, घरी कसं कळत होतं मग? ती म्हणाली, "गरम गिलास धरा का तू हात बदलस. तुन्या बांगड्या वाजतस."

स्टीलच्या पेल्यानं माझ्या बोटांना चटका बसायचा. मी तो या हातातून त्या हातात घ्यायची, मला पत्ताही नसायचा. माझ्या बोटांतली दारं शाबूत होती. पदराआड बसून ती माझ्या हाताला काय लागतं ते ऐकत होती आणि आपल्या हाताच्या नावावर मला सांगत होती.

मी विचारलं, पण का? डॉक्टरांना फसवून काय मिळणार होतं?

"डाक्टरनं काय," ती म्हणाली. "नही म्हनं का तुन्हं तोंड उतरी जाये. ते माले देखाये नही."

मी तिथे बाकावर रडले. येणारे-जाणारे बघत होते. तिनं डाव्या हातानं माझी पाठ थोपटली. ज्याचा हात गेला त्यानं, ज्याच्यामुळे गेला त्याला धीर द्यायचा, हा न्याय मला अजून पचलेला नाही.

पुढच्या महिन्याच्या रविवारी मी बांगड्या काढून ठेवल्या. पेल्याभोवती रुमाल गुंडाळला, नुसता तळ उघडा ठेवला, म्हणजे मला काही लागायचं नाही. तिच्या डोळ्यांवर पदर बांधला. करंगळीला पेला टेकवला आणि थांबले. घरात कुणी नव्हतं. ती खूप वेळ कान देऊन बसली. मग हळूच म्हणाली, "गरम?"

पेला माठातल्या पाण्याचा होता. मी म्हटलं, नाही अक्का, गार आहे. तुला कळत नाहीये. आता कळणार नाही.

तिनं स्वतःच पदर सोडला. पेल्याकडे पाहिलं नाही, आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी ते सरळ ठेवलं होतं, सहा महिन्यांत पहिल्यांदाच. तिनं ते नीट बघून घेतलं, मान हलवली.

"मंग आते माले फडकं लागी," ती म्हणाली.